पाच पूल आणि एक पत्ता : संगणकीय एजंटांसाठी साधन-वर्णनांची पारख

तंजावरहून तिरुवैयारु सुमारे १३ किलोमीटर. येथील शाखेत बदली होऊन आलो, त्या पहिल्याच आठवड्यात तंजावरी मराठी बोलणाऱ्या एका ज्येष्ठ ग्राहकांनी घरी बोलावले आणि पत्ता सांगितला, ‘तंजावरहून येताना पूल ओलांडला की उजवीकडे वळा.’ या वाटेवर वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि कावेरी अशा पाच नद्या लागतात. गावाच्या नावाचा अर्थच ‘पवित्र पाच नद्या’ असा आहे. साहजिकच मी भलत्याच पुलानंतर वळलो. पत्ता खोटा नव्हता. सांगणाऱ्यास तो पुरेसा होता, नवख्यास मात्र अपुरा.

आज बँकिंग क्षेत्रात असाच एक नवखा प्रवेश करीत आहे. तो म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा एजंट. येथे एजंट म्हणजे विमा विकणारा प्रतिनिधी नव्हे. ग्राहकाचे म्हणणे समजून घेऊन, उपलब्ध संगणकीय साधनांपैकी योग्य ते निवडून काम पार पाडणारी ही प्रणाली होय. साधनाच्या आत काय दडले आहे हे एजंटास सहसा दिसत नाही. त्याच्यापुढे असते केवळ साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि कोणती माहिती भरावयाची याची यादी. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने खुल्या केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या मानकातही साधनांची ओळख याच पद्धतीने करून दिली जाते.

एक उदाहरण

समजा, ग्राहक म्हणतो, ‘माझा चेक हरवला.’ एजंटापुढे तीन साधने आहेत : धनादेशाची स्थिती पाहणे, धनादेशाचे देयक रोखणे आणि नवीन धनादेशपुस्तिका मागवणे. दुसऱ्या साधनाचे वर्णन ‘धनादेश व्यवस्थापनासाठी’ एवढेच असेल, तर ते तिन्ही साधनांना लागू पडते. म्हणजेच निवडीस निरुपयोगी ठरते. त्याऐवजी असे लिहावे :

‘ग्राहकाने दिलेला, परंतु अद्याप न वटलेला धनादेश रोखते. प्रथम स्थिती पाहावी; धनादेश वटला असल्यास हे साधन वापरू नये. धनादेश क्रमांक सहा अंकी असून सुरुवातीची शून्ये गाळू नयेत. क्रमांक ठाऊक नसल्यास अंदाज न करता ग्राहकास विचारावे. नोंद करण्यापूर्वी ग्राहकाची संमती घ्यावी.’

येथे हेतू, मर्यादा, माहितीचे स्वरूप आणि परिणाम या चारही गोष्टी आल्या. शून्याची सूचना क्षुल्लक वाटेल. परंतु ००४५१२ हा क्रमांक ४५१२ असा गेला, तर हरवलेला धनादेश मोकळाच राहू शकतो. रक्कम रुपयांत की पैशांत, तारखेत दिवस आधी की महिना, हेही असेच मुद्दे आहेत.

पारख कशी करावी?

वर्णन वाचावयास चांगले वाटते, ही त्याची कसोटी नव्हे. पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

१. ग्राहक ज्या भाषेत बोलतात त्याच भाषेतील विनंत्या जमवाव्यात आणि प्रत्येकीचे अचूक उत्तर आधी लिहून ठेवावे.

२. योग्य साधन निवडले का, माहिती बरोबर भरली का आणि काम खरोखर झाले का, या तीन बाबी स्वतंत्रपणे तपासाव्यात. एकच एकत्रित गुण दिल्यास दोष कोठे आहे हे कळत नाही.

३. कोणतेही साधन लागू पडत नाही अशा विनंत्याही असाव्यात. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी तयार केलेल्या ‘फंक्शन कॉलिंग’ क्रमवारीत अशा प्रसंगांचीही परीक्षा होते. थांबणे हेही कौशल्यच आहे.

४. तीच विनंती अनेकदा द्यावी. २०२४ मधील ‘टाउ-बेंच’ या चाचणीने एकदा यश आणि प्रत्येक वेळी यश यांतील फरक मोजण्यावर भर दिला. रोखपालाचा हिशेब दहापैकी नऊ दिवस जुळला, तर आपण त्यास निर्दोष म्हणत नाही.

५. एका वेळी एकच शब्दबदल करावा आणि अंतिम पारख बाजूला राखून ठेवलेल्या विनंत्यांवर करावी.

वर्णन म्हणजे कुलूप नव्हे

वर्णन कितीही उत्तम असले, तरी ते नियंत्रणाची जागा घेऊ शकत नाही. रकमेची मर्यादा, ग्राहकाची संमती आणि अधिकाऱ्याची मंजुरी ही बंधने मूळ प्रणालीतच हवीत. एप्रिल २०२५ मध्ये सुरक्षा संशोधकांनी साधनाच्या वर्णनातच छुप्या सूचना पेरून एजंटाची दिशाभूल करता येते, हे दाखवून दिले. त्यामुळे बाहेरून आलेले वर्णन तपासल्याविना स्वीकारणे धोक्याचे आहे.

हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या समितीने, मुंबई आयआयटीचे प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली, वित्तक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जबाबदार वापराविषयी ७ सूत्रे व २६ शिफारशी मांडल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये यूपीआयद्वारे एजंटामार्फत देयके देण्याचा प्रायोगिक उपक्रम भारतात जाहीर झाला.

ग्राहकांनी अशा सेवेत एवढे पाहावे : पैसे हलण्यापूर्वी कोणास, किती आणि कशासाठी हे स्पष्ट दाखवून आपली संमती मागितली जाते काय? सहकाऱ्यांनी आपल्या नित्याच्या एका कामाचे वर्णन चार ओळींत लिहावे, शाखेत नव्याने आलेल्या सहकाऱ्याच्या हाती द्यावे आणि स्वतः काहीही न बोलता पाहावे. तो जेथे अडखळेल, तेथेच आपले वर्णन अपुरे आहे.