हंगामाच्या तोंडावर पहिल्या फळीचा खेळाडू का सोडला जातो?

व्यापाराच्या पानावर खेळाची गोष्ट कशासाठी, असे काही वाचक विचारतील. कारण सरळ आहे. अमेरिकेतील फुटबॉल संघ हा एक मोठा कारखानाच असतो. मजुरीचा हिशेब, कारागिरांची पळवापळवी, आगाऊ रक्कम, करार आणि हंगाम हे सारे तेथे आपल्या धंद्यासारखेच आहे. फरक इतकाच की आपला हिशेब वहीत बंद राहतो आणि त्यांचा वर्तमानपत्रांत छापून येतो. दुसऱ्याच्या उघड्या वहीतून शिकता येत असेल तर शिकावे, असे आम्हांस वाटते.

आधी खेळाविषयी थोडे. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या मैदानांवर पायाने खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावायचे किंवा पुढच्या साथीदाराकडे फेकायचा आणि समोरच्यांनी अंगावर येऊन पाडायचे, असा तो खेळ. मैदानात एका संघाचे अकरा जण उतरतात, पण आक्रमणाचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे. नॅशनल फुटबॉल लीग ही तेथील मुख्य व्यावसायिक संघटना असून २००२ पासून तिच्यात ३२ संघ आहेत. हंगाम सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडतो. त्याआधी सरावाला कितीतरी जास्त खेळाडू बोलावलेले असतात आणि ऑगस्टच्या अखेरीस ती यादी ५३ वर आणावी लागते. शेवटच्या रांगेतील मुले घरी जातात याचे कोणाला नवल वाटत नाही. पण नाव कमावलेला, धडधाकट, पहिल्या अकरांतील माणूस त्याच दिवसांत सोडला जातो तेव्हा सारे चक्रावतात.

अशी सर्वांत गाजलेली घटना २००३ सालची आहे. न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघात लॉयर मिलॉय नावाचा बचावपटू होता. (लॉयर हे त्याचे नाव, पेशा नव्हे.) सेफ्टी म्हणजे बचावाच्या अगदी शेवटच्या रांगेत उभे राहण्याची त्याची जागा. १९९६ पासून सात हंगाम तो या संघाकडून खेळला आणि साखळीतील एकही सामना त्याने चुकवला नाही. चार वेळा त्याची निवड लीगच्या उत्कृष्ट खेळाडूंमध्ये झाली होती. फेब्रुवारी २००२ मध्ये संघाने पहिल्यांदा अजिंक्यपद जिंकले तेव्हा तो बचावफळीचा आधार होता, कप्तानांपैकी एक होता. अशा माणसाला २ सप्टेंबर २००३ रोजी संघाने मोकळे केले. पहिला सामना ७ सप्टेंबरला होता. म्हणजे अवघे पाच दिवस उरले होते.

का केले असेल? मालक कंजूष, प्रशिक्षक कठोर, असे त्या वेळी बरेच बोलले गेले. पण रागाने असे निर्णय होत नाहीत. त्यामागील हिशेब समजून घेऊ.

खर्चाला कुंपण

१९९४ पासून या लीगमध्ये नियम आहे की प्रत्येक संघाने खेळाडूंच्या पगारावर वर्षाला ठरावीक रकमेपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. पहिल्या वर्षी ही मर्यादा ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २००३ साली ती सुमारे साडेसात कोटी डॉलर झाली आणि २०२५ साली २७ कोटी ९२ लाख डॉलर. मालक कितीही धनवान असो, कुंपण सर्वांना सारखे. गल्ल्यात पैसा आहे पण खर्चता येत नाही, अशी ही अवस्था आहे. एकाच्या ताटात जास्त वाढले की दुसऱ्याच्या ताटातून तेवढे काढावे लागते.

आता गंमत पहा. यादीच्या तळाच्या खेळाडूला काढून काहीच सुटत नाही, कारण त्याच्या जागी येणाराही जवळजवळ तेवढाच पगार घेतो. पैसा सुटतो तो महागड्या माणसाला सोडल्यावरच, आणि महागडा माणूस बहुधा पहिल्या फळीतलाच असतो. म्हणून चांगल्या खेळाडूवरच ही पाळी येते. त्याचे काम वाईट असते असे नाही. त्याचे काम आणि त्याची किंमत यांचा मेळ बसेनासा झालेला असतो. मिलॉयचा त्या वर्षीचा पगार चाळीस लाख डॉलरच्या वर होता. उलट २००२ च्या हंगामात प्रतिस्पर्ध्याने फेकलेला एकही चेंडू त्याने मध्येच झेलला नव्हता. १९९८ मध्ये असे सहा झेल त्याच्या नावावर होते. संघाने त्याला पगार कमी करून घेण्यास सांगितले. त्याने नकार दिला.

गेलेला पैसा आणि जाणारा पैसा

या हिशेबातील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट आता येते. आकडे समजण्यापुरते आमचे आहेत. समजा, एका खेळाडूशी पाच वर्षांचा करार झाला. सही करताना त्याला ५० लाख डॉलर रोख दिले आणि शिवाय दर वर्षी ४० लाख पगार ठरला. रोख रक्कम त्याच्या खिशात गेली, ती आता परत येत नाही. पण लीगच्या वहीत ती एकदम न लिहिता पाच वर्षांत वाटून, दर वर्षी १० लाख अशी लिहितात. म्हणजे त्या खेळाडूचा वर्षाचा बोजा ५० लाख झाला.

तीन वर्षे गेली आणि संघाने त्याला सोडायचे ठरवले. वहीत अजून २० लाख लिहायचे बाकी आहेत. त्याला तिकडे मृत पैसा म्हणतात. माणूस गेला तरी त्याच्या नावाचा खर्च मागे राहतो. १ जूनच्या आधी सोडला तर हे २० लाख त्याच वर्षात पडतात. १ जूननंतर सोडला तर निम्मे या वर्षी आणि निम्मे पुढच्या वर्षी. पगाराचे ४० लाख मात्र यंदाच्या हिशेबातून पूर्ण सुटतात.

सामान्य माणूस म्हणेल, ५० लाख देऊन आणलेला माणूस असा कसा सोडायचा? पण ते ५० लाख त्याला ठेवला तरी गेले आणि सोडला तरी गेले. त्यांचा विचार निर्णयात धरायचाच नसतो. प्रश्न फक्त पुढच्या ४० लाखांचा असतो: एवढ्या पैशांत हा माणूस यंदा जे काम देईल, त्याहून जास्त काम दुसरीकडून मिळते काय?

आमच्या बांधवांत येथेच गल्लत होते. जुने यंत्र वर्षातून चार महिने बंद असते, दुरुस्तीवर पैसे जात असतात, पण ‘दोन लाखांना घेतले आहे’ म्हणून ते कारखान्याची जागा अडवून बसते. ते दोन लाख कधीच संपले. यंदा दुरुस्तीला किती लागणार आणि त्या जागेत दुसरे काय बसेल एवढेच पाहायचे असते. कारागिराच्या अंगावरील उचलीची गोष्ट थोडी वेगळी आहे. ती फिटण्याची आशा असते, म्हणून तिचा विचार करणे भाग आहे. परंतु दहा हजारांची उचल वसूल व्हावी म्हणून वर्षभर न परवडणारी मजुरी देत राहणारे मालकही आमच्या पाहण्यात आहेत.

तारीख

मग हे काम मार्चमध्ये का केले नाही? सप्टेंबरपर्यंत का थांबले?

याची तीन कारणे आहेत. पहिले नियमाचे. चार किंवा त्याहून जास्त हंगाम झालेला खेळाडू पहिल्या सामन्याच्या वेळी यादीत असेल, तर नंतर सोडला तरी त्या वर्षाचा उरलेला पगार तो मागू शकतो. म्हणून पहिला सामना ही लक्ष्मणरेषा ठरते. तिच्या अलीकडे माणूस सोडला तर पगार वाचतो, पलीकडे गेला की वाचत नाही. दुसरे कारण सावधगिरीचे. सरावात कोणाचा पाय मोडेल सांगता येत नाही, तोपर्यंत जुना माणूस हाताशी असलेला बरा. तिसरे कारण आम्हांस मुळीच आवडलेले नाही, पण ते खरे आहे. उशीर झाला की खेळाडूचा जोर कमी होतो. बाकीच्या संघांनी आपला पैसा वसंतातच खर्च केलेला असतो आणि जागा भरलेल्या असतात. अशा वेळी ‘कमी पगार घे, नाही तर जा’ म्हटले की बहुतेक जण मान खाली घालतात.

मिलॉयने घातली नाही. त्याच आठवड्यात बफेलो बिल्स संघाने त्याला घेतले. आणि ७ सप्टेंबरला न्यू इंग्लंडचा पहिला सामना होता तो याच बफेलोशी, बफेलोच्याच मैदानावर!

निकाल लागला ३१-०. न्यू इंग्लंडला एक गुणही मिळाला नाही. त्यांचा प्रमुख चेंडूफेक्या टॉम ब्रॅडी याचे चार चेंडू बफेलोने मध्येच पकडले आणि एकदा तर मिलॉयनेच ब्रॅडीला चेंडूसकट खाली लोळवले. बफेलोच्या आक्रमणाची सूत्रे होती ड्रू ब्लेडसो याच्याकडे, आणि त्यालाही न्यू इंग्लंडनेच २००२ मध्ये बफेलोला दिले होते. एकाच गटातील, वर्षातून दोनदा समोर येणाऱ्या संघाकडे आपली दोन जाणती माणसे गेली. ही किंमत पगाराच्या वहीत कोठेच लिहिलेली नसते. आपला कटिंग मास्टर समोरच्या दुकानात गेला की गिऱ्हाइकांची मापे आणि त्यांच्या आवडीनिवडी त्याच्या डोक्यात बसून जातात. ते थांबवता येत नाही.

दुसरी न लिहिलेली किंमत उरलेल्या माणसांची. कप्तानाला पाच दिवस आधी बाहेर काढले जाते, तर आपले काय, हा प्रश्न त्या आठवड्यात प्रत्येकाच्या मनात असणार. खेळाडू प्रशिक्षक बिल बेलिचिक यांचा द्वेष करतात, असे दूरचित्रवाणीवर एका समालोचकाने जाहीरपणे म्हटले.

पण पुढे काय झाले? न्यू इंग्लंडने त्या हंगामात १६ पैकी १४ सामने जिंकले. शेवटच्या साखळी सामन्यात, २७ डिसेंबरला, बफेलोलाच आपल्या मैदानावर हरवले, आणि तेही बरोबर ३१-० असे. १ फेब्रुवारी २००४ रोजी कॅरोलायनाला ३२-२९ असे हरवून अजिंक्यपदही मिळवले. बफेलोने त्या वर्षी सहा सामने जिंकले आणि दहा गमावले.

तयारी आधीची होती

यावरून काही जण म्हणतात, पाहा, कठोरपणाचे फळ गोड. आम्हांस हा अर्थ मान्य नाही. नुसत्या कठोरपणाने जागा भरत नाही. न्यू इंग्लंडने मार्चमध्येच रॉडनी हॅरिसन हा मुरलेला सेफ्टी घेऊन ठेवला होता. सॅन डिएगो संघाने नऊ हंगामांनंतर त्याला सोडले होते. म्हणजे एकाने टाकलेला माणूस दुसऱ्याचा आधार झाला. एप्रिलच्या निवडीत युजीन विल्सन हा तरुण घेतला होता; त्याची मूळ जागा दुसरी होती, पण त्याला सेफ्टीच्या जागेवर उभे केले आणि तो तेथे टिकला. नव्या मुलाचा पगार अर्थातच जुन्याच्या मानाने थोडा. पर्याय सहा महिने आधीपासून घरात होता, म्हणून मिलॉयची उणीव सोसवली. पर्याय नसताना असा निर्णय घेणारे संघ दर वर्षी पस्तावतात, पण त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.

म्हणून आमचे मत असे की सोडण्याचा हिशेब बरोबर होता आणि दिवस चुकीचा होता. आपल्याकडे रमजानच्या तोंडावर हेच दोन्ही बाजूंनी घडते. मालक शिलाईचा हंगाम सुरू होता होता मास्टरला म्हणतो, यंदा दर कमी. किंवा मास्टरच ऐन गर्दीत म्हणतो, दर वाढवा, नाही तर चाललो. दोघांनाही ठाऊक असते की समोरच्याला आता दुसरीकडे पाहायला वेळ नाही.

अमेरिकेत खेळाडूंच्या बाजूने करार लिहिणाऱ्यांनी यावर एक तोड वापरली आहे. करारातच लिहून घ्यायचे की मार्चमधील अमुक दिवशी खेळाडू यादीत असेल तर त्याला एक मोठी रक्कम द्यावी लागेल. रक्कम द्यायची नसेल तर संघाने त्याआधीच सोडावे. मार्चमध्ये सर्व संघांकडे पैसा आणि जागा दोन्ही असतात, त्यामुळे सुटलेल्या माणसाला बाजार खुला मिळतो. हॅरिसनला हाच फायदा झाला. त्याला हंगामाच्या सुमारे सहा महिने आधी सोडले होते, म्हणून नवा संघ पारखून निवडता आला. आपल्या कारागिराशी वर्षाचा दर ठरवताना ‘पुढील दर शाबान उजाडण्यापूर्वी ठरेल, त्यानंतर ईदपर्यंत बदलणार नाही’ एवढी एक ओळ कागदावर लिहून दोघांनी सही करायला खर्च काहीच येत नाही.