स्वभाव, विचारपद्धती आणि लेखन : तंजावरच्या दोन राजांचे उदाहरण

एकाच भाषेत व एकाच साहित्यप्रकारात दोन व्यक्तींनी लिहिले, तरी त्यांचे लेखन सारखे होत नाही. या भेदाचे कारण लेखकाच्या स्वभावात शोधण्याची प्रवृत्ती फार जुनी आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध करून तिला शास्त्रीय रूप दिले. अंतर्मुख व बहिर्मुख अशा दोन वृत्ती त्यांनी मानल्या, आणि विचार, भावना, संवेदन व अंतःप्रज्ञा ही मनाची चार कार्ये सांगितली. लेखन समजून घेण्यास असे वर्गीकरण कितपत उपयोगी पडते, हे पाहण्यासाठी तंजावरच्या भोसले घराण्यातील दोन राजांचे उदाहरण सोयीचे आहे. दोघेही एकाच दरबारचे, दोघांची मातृभाषा मराठी, दोघांनीही नाटके लिहिली. दोघांमध्ये अंतर आहे ते सुमारे एका शतकाचे.

पहिले शहाजीराजे. तंजावरच्या मराठी राज्याचे संस्थापक व्यंकोजीराजे यांचे हे पुत्र १६८४ मध्ये गादीवर आले. त्यांच्या ‘पंचभाषाविलास’ या नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी व हिंदी अशा पाच भाषा एकत्र नांदतात. श्रीकृष्णावर अनुरक्त झालेल्या निरनिराळ्या प्रदेशांच्या राजकन्या आपापल्या भाषेत मनोगत सांगतात. येथे लेखकाचा असा स्वतंत्र आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही. तो पात्रापात्रांत वाटला गेलेला असतो. एखादी गोष्ट सिद्ध करण्यापेक्षा ती अनेक मुखांनी वदविण्यात या लेखकाला अधिक रस आहे.

दुसरे सरफोजीराजे. त्यांचा काळ १७९८ ते १८३२. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते. त्यांनी मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ हे नाटक लिहिले. कुरवंजी हा तमिळ प्रदेशातील लोकप्रिय नाट्यप्रकार असून, भविष्य सांगणारी भटकी स्त्री ही त्यातील प्रमुख व्यक्तिरेखा होय. सरफोजीराजांनी या स्त्रीच्या मुखातून जगाचा भूगोल सांगितला. शृंगाराची जागा येथे पाठाने घेतली आहे. त्यांच्या मुद्रणालयातून १८०६ मध्ये इसापाच्या नीतिकथांचा मराठी अनुवाद निघाला, तोही याच ओढीचा द्योतक आहे. सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेली त्यांच्या काळातील नेत्ररोग्यांची टिपणे व डोळ्यांची रंगीत चित्रे पाहिली, म्हणजे पाहावे, नोंदवावे, वर्गवारी लावावी व इतरांस शिकवावे ही त्या दरबारातील वृत्ती स्पष्ट होते.

एवढ्यावरून शहाजीराजे भावनाप्रधान व सरफोजीराजे विचारप्रधान असा निर्णय देऊन मोकळे होण्याचा मोह होतो. परंतु तीन गोष्टी या निर्णयाच्या आड येतात.

पहिली गोष्ट साहित्यप्रकाराची. आपण हिंडलेल्या डोंगरांचे व देशांचे वर्णन कुरवंजी या प्रकारातील स्त्री पूर्वीपासूनच करीत आली होती. भूगोलासाठी जागा परंपरेने आधीच करून ठेवली होती; त्या जागी काय भरावे एवढेच लेखकाने निवडले.

दुसरी गोष्ट परिस्थितीची. १७९९ च्या तहाने इंग्रजांनी तंजावरचा कारभार आपल्या हाती घेतला आणि राजाची सत्ता किल्ल्यापुरती उरली. ज्याच्या हातून राज्यकारभार गेला, त्याची बुद्धी ग्रंथ, शाळा व औषधे यांकडे वळली, तर ते सारे जन्मजात स्वभावाचे फळ कसे म्हणावे? शहाजीराजांचे बहुभाषी नाटकही अनेक भाषा बोलणाऱ्या दरबारावाचून संभवले नसते.

तिसरी गोष्ट अशी की, एकच मनुष्य नेहमी एकाच रीतीने लिहीत वा लिहवीत नाही. याच सरफोजीराजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा विस्तृत इतिहास मराठीत कोरविला. सत्ता गेल्यावर अवघ्या चार वर्षांनी दगडावर उतरविलेल्या या वंशकथेत कुलाचा अभिमान आहे. तिची रचना दरबारी लेखकाची, आज्ञा राजाची. मग त्या गद्यातून स्वभाव कोणाचा वाचावा?

आधुनिक संशोधनही सावधगिरीचाच सल्ला देते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर व लॉरा किंग यांनी १९९९ मध्ये असे दाखविले की, व्यक्तीच्या शब्दयोजनेच्या सवयी बऱ्याच स्थिर असतात आणि व्यक्तिमत्त्वाशी त्यांचा संबंधही आढळतो. मात्र तो संबंध माफक असतो. समूहाविषयी तो काही सांगतो. एका निबंधावरून एका विद्यार्थ्याची पारख करण्यास तो पुरेसा नाही.

शिक्षकाने हा भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. ‘हा मुलगा कल्पक’, ‘ही मुलगी रुक्ष’ असा शिक्का एकदा बसला, की तो शिक्का स्वभावापेक्षाही बळकट ठरतो. कोणी आराखडा आखल्यावाचून लेखणी उचलत नाही; कोणास लिहिता लिहिताच विचार सुचतो. पहिल्याने आपल्या लेखनात माणसांचे आवाज आहेत की नाहीत हे पाहावे. दुसऱ्याने क्रम व पुरावा तपासावा. स्वभावाचा कल पहिल्या खर्ड्यात खुशाल उतरू द्यावा. त्याची उणीव भरून काढण्यासाठी दुसरा खर्डा असतो. भविष्य सांगणाऱ्या स्त्रीकडून भूगोल वदविताना सरफोजीराजांनीही आपल्या अध्यापकी बुद्धीला परक्या वाटणाऱ्या नाट्याचाच आधार घेतला होता.