कढीपत्त्यातलं पोळं

अगं, तो फवाऱ्याचा डबा आधी खाली ठेव. ज्या कढीपत्त्यावर तू विष मारायला निघालीस, त्याचीच पानं उद्या फोडणीत टाकणार ना?

गांधीलमाशी तुझ्या गच्चीवर कशाला येते, ते आधी बघ. लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांचा फडशा पाडणाऱ्या हिरव्या अळ्या असतात ना, अशाच अळ्या ती टिपते, चावून त्यांचा गोळा करते आणि पोळ्यातल्या पिल्लांना भरवते. स्वतः मात्र गोडावर जगते. म्हणून जास्वंदीभोवती माश्या फार घोंघावत असतील तर पानं उलटून बघ, मावा असेल. त्याचा चिकट गोड पाझर चाटायला त्या येतात. संध्याकाळी, त्या पोळ्यावर परतल्या की, पाण्याच्या जोरदार धारेनं मावा धुऊन काढ, निंबोळी अर्क मार. मावा गेला की ही गर्दीही ओसरते.

आता पोळं. ते कुठे आहे, एवढंच मला सांग. गच्चीच्या पलीकडच्या कोपऱ्यात असेल तर राहू दे. पण पाणी घालताना हात जातो तिथे, किंवा पोरं खेळतात तिथे असेल तर मात्र हलवायलाच हवं. नुकतंच सुरू झालेलं, चार-सहा घरांचं असेल आणि माशी बाहेर गेली असेल तर लांब काठीनं पाड आणि जागा पुसून घे. ती पुन्हा तिथेच बांधायला बघेल, थोडे दिवस लक्ष ठेव. मोठं पोळं माणूस बोलावूनच काढ. आणि रॉकेलचा पेटता बोळा? मुळीच नाही. त्यात माश्यांपेक्षा माणसंच जास्त भाजतात.

एक गंमत सांगते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकरांनी रोपालिडिया मार्जिनाटा या आपल्याकडच्या गांधीलमाशीचा अनेक दशकं अभ्यास केला. तिची राणी अगदी गरीब, कुणावर दादागिरी नाही. राणी नाहीशी झाली की एक कामकरीण एकदम आक्रमक होते आणि तीच पुढे राणी बनते. राणी झाली की पुन्हा शांत! आपल्या सोसायटीत हे उलटं चालतं.

चिखलाचं घर बांधणारी कुंभारीण वेगळी. ती एकटी राहते, सहसा चावत नाही. प्लगच्या भोकात बांधलं नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नकोस. अळी भृंगीचं, म्हणजे हिचंच, ध्यान करता करता भृंगी होते म्हणतात, तो दृष्टान्त आजीच्या तोंडून ऐकलाय ना? खरं तर अळी पिल्लाची शिदोरी असते. बाहेर पडतं ते कुंभारणीचंच पोर.

छाटणी करताना फांदीत हात घालण्याआधी वाकून बघ, पूर्ण बाह्यांचे कपडे घाल. माशी जवळ आली तर हात झटकू नकोस, सावकाश मागे हो. चावलीच तर काटा शोधत बसू नकोस. मधमाशीसारखा ती तो सोडून जात नाही, म्हणूनच पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. साबण-पाण्यानं धू, बर्फ लाव. पण अंगभर गांध्या उठल्या, ओठ किंवा घसा सुजला, दम लागला, चक्कर आली, तर चुना-हळदीच्या नादी न लागता सरळ दवाखाना गाठ. तोंडात डंख बसला किंवा एकदम बऱ्याच चावल्या तरीही. वाट बघायची नाही, कळलं?

आणि हो, पोळ्याचा फोटो पाठव. पण लांबूनच काढ.