चांदीच्या पदकात देवनागरी नाव कापण्याची कृती

चांदीच्या पत्र्यातून नाव कापून काढायचे, तर देवनागरीची शिरोरेषा मोठा आधार देते. सगळी अक्षरे तिला लटकतात आणि साखळीच्या कड्याही तिलाच लागतात. सुटी रोमन अक्षरे एकमेकांना जोडण्यासाठी वेगळी पट्टी द्यावी लागते. आपल्या लिपीत ती आधीच आहे. सरावासाठी इथे दोन गावांची नावे घेतली आहेत: बारामती आणि इंदापूर. पहिले सोपे, दुसरे अवघड. ही दोन जमली की बहुतेक नावे जमतात.

साहित्य

• 925 चांदीचा पत्रा, 35 × 18 मिमी, जाडी 1 मिमी (वजन सुमारे साडेसहा ग्रॅम)
• सोनारी करवत, 2/0 नंबरची पाती, थोडे मेण
• 0.8 मिमीचा ड्रिल, टोच्या, बारीक कानशी
• चांदीची झाळ (कॅडमियम नसलेली), टाकणखार, गॅसची फुंकणी
• चांदीच्या तारेच्या दोन कड्या
• सायट्रिक ॲसिड, रिठे, मऊ ब्रश
• 400, 600 आणि 1000 नंबरचा पॉलिश पेपर, डोळ्यांना चष्मा

कृती

1. नाव खऱ्या मापात कागदावर लिहा. शिरोरेषा 2 मिमी जाड ठेवा आणि बाकीची कोणतीही रेघ 1.2 मिमीपेक्षा बारीक होऊ देऊ नका. कागदावर नाजूक दिसणारे वळण चांदीत वाकते.

2. आता कच्च्या जागा शोधा. ब, म, त यांना स्वतःचा उभा दांडा असतो, त्यामुळे ती भक्कम राहतात. इ, द, र ही अक्षरे मात्र एका बारीक मानेवर लोंबतात आणि कपड्यात अडकून वळतात. अशा अक्षराचे पोट किंवा शेपूट शेजारच्या दांड्याला टेकवा. ‘इंदापूर’मधला द पुढच्या कान्याला आणि शेवटचा र ‘पू’च्या दांड्याला जोडून घ्या. ‘बारामती’तल्या वेलांटीचे टोक शिरोरेषेपर्यंत उतरवा, दोन्ही बाजूंनी टेकलेली कमान दबत नाही.

3. अनुस्वार मोकळा असतो, म्हणून कापताना तो गळून पडतो. त्याला बारीक देठ काढून शिरोरेषेला जोडा. दुसरा उपाय म्हणजे त्या जागी शिरोरेषेला वर छोटा उंचवटा ठेवून त्यात भोक पाडणे. वाचणाऱ्याला देठाचा ठिपका लवकर कळतो, म्हणून तोच निवडा.

4. कागद पत्र्यावर चिकटवा. प, ब, म यांची पोटे चारी बाजूंनी बंद असतात. ‘ब’मध्ये तर अशा दोन जागा आहेत. प्रत्येक बंद जागेत टोच्याने खूण करून भोक पाडा.

5. पात्याचे दात मुठीकडे वळलेले हवेत. पाते भोकातून ओवा, ताणून बसवा, मेण लावा आणि करवत सरळ उभी धरून चालवा. कोपऱ्यावर पुढे न रेटता जागच्या जागी वरखाली करत पत्रा फिरवा, म्हणजे पाते तुटत नाही. आधी आतल्या जागा कापा, बाहेरची कड शेवटी. तोवर हातात धरायला पुरेसा पत्रा राहतो.

6. कानशीने कडा सारख्या करा. कानस रेघेच्या बाजूने चालवा. आडवी घासली तर रेघ बारीक होते.

7. शिरोरेषेच्या दोन्ही टोकांवर एकेक कडी झाळा. मधोमध एकच कडी लावली तर जड बाजू खाली झुकते. टाकणखार लावून ज्योत शिरोरेषेवर फिरवत ठेवा, अक्षरांवर रोखू नका. 925 चांदी सुमारे 800 अंश सेल्सिअसला वितळू लागते आणि बारीक रेघा सगळ्यांत आधी जातात.

8. दागिना निववून सायट्रिक ॲसिडच्या गरम पाण्यात टाका. काढताना लोखंडी चिमटा वापरू नका, नाहीतर चांदीवर तांब्याचा थर बसतो. लाकडी किंवा तांब्याचा चिमटा चालतो. मग 400, 600, 1000 या क्रमाने घासा आणि रिठ्याच्या पाण्याने धुवा.

कापण्याइतकी जागा नसेल तर

जोडवी, बाळाचे वाळे किंवा अंगठी यांवर कापीव नाव मावत नाही. तिथे ठसा किंवा कोरणी वापरा. ठसा उमटवायचा तर पट्टी आधी मंद लाल होईपर्यंत तापवून नरम करा, सपाट ऐरणीवर ठेवा आणि एकाच घावात ठोका. वळवायचे काम त्यानंतर. देवनागरी ठशांच्या शिरोरेषा एका ओळीत बसणे कठीण असते. म्हणून अक्षरे ठोकून झाली की पट्टी धरून कोरणीने एकच सलग शिरोरेषा ओढा. जोडाक्षरे आणि रफार असलेले नाव ठशात बसवण्याचा हट्ट धरू नका, ते कोरूनच काढा. कोरताना दागिना राळेत घट्ट बसवा, आणि कोरणीपुढे दुसऱ्या हाताचे बोट कधीही ठेवू नका.

करवत उचलण्यापूर्वी कागदावरचे नाव ज्याचे आहे त्याच्याकडून, किंवा त्याच्या घरच्यांकडून, तपासून घ्या. ऱ्हस्व-दीर्घाची चूक चांदीत दुरुस्त होत नाही. आणि गिऱ्हाइकाने रोमन अक्षरांचे चित्र पुढे केले, तरी त्याच नावाचा देवनागरी आराखडा त्याला एकदा जरूर काढून दाखवा.