हिरड्यांचे आरोग्य व गेलेल्या दाताची जागा

आरोग्यशिक्षणाच्या तासाला दातांचा पाठ बहुधा कीड आणि गोड खाणे यांवरच संपतो. हिरड्यांकडे लक्ष क्वचित जाते. वास्तविक प्रौढपणी जे दात हलू लागून पडतात, त्यांपैकी कित्येकांना कीड मुळीच लागलेली नसते. त्यांना धरून ठेवणारी हिरडी व तिच्याखालील हाड मात्र झिजून गेलेले असते. तेव्हा इयत्ता तिसरी ते पाचवीच्या वर्गांत हा विषय कसा मांडावा, याविषयी काही विचार शिक्षकबंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

पाठाचा आरंभ मुलांच्या अनुभवावरून करावा. “दात घासताना कोणाच्या थुंकीत रक्त येते?” असे विचारले असता आधी कोणी हात वर करीत नाही; एकाने केला की पाच-सहा वर होतात. मग विचारावे, “रक्त आले म्हणजे तुम्ही काय करता?” उत्तर बहुधा एकच मिळते : तेथे घासणे सोडून देतो. सारी गफलत येथेच आहे. दात व हिरडी जेथे मिळतात त्या कडेवर जंतूंचा मऊ, चिकट थर सतत साचत असतो. तो रोज निघाला नाही तर हिरडी लाल होते, सुजते आणि किंचित धक्क्यानेही तिच्यातून रक्त येते. म्हणजे ज्या जागी रक्त येते तीच जागा हलक्या हाताने, परंतु न चुकता घासली पाहिजे. आठवडा-दोन आठवडे असे करूनही रक्त थांबले नाही, तर दंतवैद्यास दाखवावे.

डेन्मार्कमध्ये हाराल्ड ल्यो व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, १९६५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मुलांस गोष्टीसारखा सांगता येतो. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणे मुद्दाम बंद केले. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्यांना दाह झाला. पुन्हा नियमाने घासू लागताच सुमारे आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. (हा प्रयोग वर्गात करून पाहू नये, हे सांगणे नलगे.)

दाह असा कडेपुरता असेपर्यंत तो पूर्ण बरा होतो. पुढे त्या थराचे कठीण किटण बनते. ते ब्रशने निघत नाही, दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते. किटण काढल्याने दात सैल होतात, असा समज खेड्यांत व शहरांतही आढळतो. खरी गोष्ट अशी की, हाड आधीच झिजलेले असते व किटणाने त्या दातांना जखडून धरलेले असते. झिजलेले हाड मात्र सहसा भरून येत नाही.

मशेरीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास १९९२ साली बंदी झाली. पण तव्यावर भाजलेली तंबाखू घरोघर चालूच राहिली. तिने हिरड्या खाली उतरतात, दातांची मुळे उघडी पडतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आईचे पाहून मूलही बोट फिरवू लागते. तथापि वर्गात मुलाच्या तोंडून आईची निंदा होईल असे काही विचारू नये. हा विषय माता-पालकांच्या सभेत, शक्यतो शिक्षिकेने किंवा आरोग्यसेविकेने, आदराने काढावा.

पडलेला दात बसविता येतो, मग एवढी काळजी कशाला, असे एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारील. त्याला तिन्ही उपाय सांगावेत : काढता-घालता येणारी कवळी, शेजारच्या दातांच्या आधाराने बसविलेला पक्का पूल, आणि हाडात टायटेनियमचा खिळा रोवून त्यावर बसविलेला दात. या तिसऱ्या पद्धतीचा पाया स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी घातला. त्यांनी पहिल्या रुग्णावर ती १९६५ मध्येच वापरली. पण पुलाला शेजारचे दात घट्ट हवेत, खिळ्याला पुरेसे हाड हवे, आणि हाड सपाट झाले की कवळीही नीट बसत नाही. शिवाय जबड्याची वाढ पुरी होईपर्यंत मुलांना असा खिळा सहसा बसवीत नाहीत. रिकामी जागा तशीच ठेवल्यास शेजारचे दात तिच्यात कलतात, समोरचा दात खाली किंवा वर सरकतो. म्हणून पालकांनी दंतवैद्याचा सल्ला लांबणीवर टाकू नये.

एक प्रसंग मात्र असा आहे की, त्यात खरा दातच परत बसविता येतो, आणि तो प्रसंग शाळेच्या मैदानावर घडतो. कबड्डीत किंवा लंगडीत पडून कायमचा दात मुळासकट निखळला, तर तो शोधून पांढऱ्या भागाशी धरावा; मुळास हात लावू नये. माती लागली असल्यास दुधात किंवा स्वच्छ पाण्यात क्षणभर विसळावा, पुसू वा घासू नये. मूल शुद्धीवर व शांत असेल तर दात त्याच जागी बसवून स्वच्छ रुमाल चावून धरावयास सांगावे. ते जमत नसल्यास पेलाभर थंड दुधात तो ठेवून मुलास तत्काळ दंतवैद्याकडे न्यावे. अर्ध्या तासात पोहोचल्यास दात टिकण्याची आशा सर्वांत अधिक. कागदात किंवा कोरड्या रुमालात गुंडाळलेल्या दाताचे मूळ सुकून निकामी होते. दुधाचा दात असेल तर तो परत बसवू नये, त्याने खालच्या कायमच्या दातास इजा पोहोचते. सामन्यांच्या दिवशी दूध कोणाच्या घरून आणावयाचे आणि वाहन कोणाचे, हे मुख्याध्यापकांनी आधीच ठरवून ठेवावे.