तारेवाचून वाहणारी वीज

तारेतून वाहणारी वीज मोजणे सोपे असते. तार मध्ये तोडून तेथे प्रवाहमापक जोडला, की काटा सरकून आकडा दाखवितो. परंतु शेकडो किलोमीटर उंचीवर, जेथे तारच नाही, तेथील वीज मोजावी तरी कशी?

भूपृष्ठापासून सुमारे ८० किलोमीटरांच्या वर सूर्याचे प्रखर किरण हवेच्या कणांतून इलेक्ट्रॉन सुटे करतात. धन व ऋण भार असलेल्या कणांचे हे विरळ मिश्रण म्हणजे प्लाझ्मा, आणि त्याचा थर म्हणजे आयनांबर. असे कण एका दिशेने वाहू लागले, की विद्युत्प्रवाह झालाच. त्याला तांब्याची तार लागत नाही.

विद्युत्प्रवाहाजवळ चुंबकसूची धरली असता ती आपली दिशा सोडते, हे डेन्मार्कच्या अर्स्टेड यांनी १८२० साली दाखविले होते. या एका गोष्टीच्या आधारे नॉर्वेचे शास्त्रज्ञ क्रिस्तियान बिर्कलँड आकाशातील विजेच्या मागे लागले. उत्तर नॉर्वेतील हिमाच्छादित डोंगरमाथ्यावर त्यांनी वेधशाळा उभारली. आकाशात ध्रुवप्रकाशाचे पडदे झळकू लागले, की खाली सूची अस्वस्थ होई. यावरून १९०८ साली त्यांनी प्रतिपादन केले की, विद्युत्प्रवाह पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांच्या वाटेने अवकाशातून खाली उतरतात, उंच हवेत काही अंतर आडवे वाहतात व पुन्हा वर जातात.

बिर्कलँड १९१७ साली निवर्तले. पुढे सिडनी चॅपमन या थोर इंग्रज गणितज्ञांनी निराळे मत मांडले : हे प्रवाह हवेच्या वरच्या थरातच फिरतात, अवकाशातून येत नाहीत. बहुतेक विद्वान त्यांच्या बाजूला गेले. जमिनीवरील सूचीने हा वाद मिटणे शक्यच नव्हते. कारण कोणतेही मत खरे असले तरी ती जवळजवळ सारखीच हलणार! भिंतीपलीकडे मृदंग एक वाजतो आहे की दोन, हे ऐकून सांगणे अवघड, त्यातलाच हा प्रकार. भिंत ओलांडणे हाच उपाय होता.

१९६३ साली अमेरिकेने सोडलेला एक उपग्रह सुमारे १,१०० किलोमीटर उंचीवरून फिरू लागला. ध्रुवप्रकाशाच्या पट्ट्यावर आला, की त्यातील चुंबकत्वमापकास क्षेत्राची दिशा एकाएकी पूर्वेस वा पश्चिमेस ढळलेली आढळे, आणि थोड्याच वेळात ती पूर्ववत होई. आल्फ्रेड झमुडा व त्यांचे सहकारी यांनी १९६६ साली ही मापे प्रसिद्ध केली. दूरच्या प्रवाहामुळे असा एकाएकी बदल होत नाही. उपग्रह प्रवाहातूनच गेला असला पाहिजे. पुढच्याच वर्षी हा अर्थ लावला गेला आणि बिर्कलँड यांचे म्हणणे खरे ठरले.

या प्रवाहांची गाठ आपल्या घरातील दिव्यांशीही पडते. १३ मार्च १९८९ रोजी आकाशातील प्रवाह खवळले, त्यांच्यामुळे जमिनीत व वीजवाहक तारांत प्रवाह उत्पन्न झाले आणि कॅनडातील क्वेबेक प्रांतात सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात राहिले.

२२ नोव्हेंबर २०१३ रोजी युरोपीय अवकाश संस्थेने 'स्वार्म' नावाचे तीन उपग्रह सोडले. उपग्रहातील यंत्रांचेही स्वतःचे चुंबकत्व असते. त्याची बाधा होऊ नये म्हणून चुंबकत्वमापक चार मीटर लांब दांड्यावर बसविले. विद्युत्क्षेत्र मोजण्याची युक्ती तर फारच सुंदर आहे. ओढ्यात वाहणाऱ्या पानाच्या वेगावरून जसा उतार ताडावा, तसा प्लाझ्मातील कणांचा वेग मोजून, चुंबकीय क्षेत्राच्या मापाशी त्याची सांगड घालून विद्युत्क्षेत्र काढतात. तिघांपैकी दोन उपग्रह शेजारीशेजारी फिरू लागले. एकाच वेळी दोघांनी मोजलेल्या चुंबकीय क्षेत्रांत जो फरक पडे, त्यावरून त्यांच्यामधून किती वीज वाहिली याचा हिशेब मांडता आला.