घराजवळचं मेडिकल कॉलेज, खिशाला झेपणारं मेडिकल कॉलेज

म्हैसूरच्या सरस्वतीपुरममध्ये राहणाऱ्या कुटुंबाला मेडिकल कॉलेज बघायला गावाबाहेर जावं लागत नाही. अर्विन रोडवरचं सरकारी म्हैसूर मेडिकल कॉलेज आणि बन्नीमंटपजवळचं जेएसएस, दोन्ही रिक्षाने गाठता येतात. पहिल्याची वर्षाची फी साठ-पासष्ट हजारांच्या घरात आहे, दुसऱ्याची वीस लाखांच्या आसपास. म्हणजे एकाच शहरातल्या दोन कॉलेजांत तीसपट फरक. उलट साठेक किलोमीटरवरचं चामराजनगर किंवा पंचेचाळीस किलोमीटरवरचं मंड्या, ही दोन्ही सरकारी कॉलेजं घरापासून लांब असूनही खिशाला जेएसएसपेक्षा कितीतरी हलकी आहेत. गुण एका विषयात चांगले आणि दुसऱ्यात कमी असतील, तर ‘कुठे अर्ज करायचा’ हा प्रश्न शेवटी याच फरकाशी येऊन थांबतो. म्हणून आधी पैशाचा हिशेब मांडायचा आणि मग कॉलेजांची यादी करायची.

बारावीचे गुण किती मोजतात

गुणपत्रिका हातात आली की घरात पहिला सूर निघतो, ‘फिजिक्समध्ये एवढे कमी, आता मेडिकल कुठलं?’ हे खरं नाही. एमबीबीएसच्या गुणवत्ता यादीत बारावीचे गुण धरतच नाहीत, तिथे फक्त नीट या प्रवेश परीक्षेचे गुण चालतात. बारावीचं काम पात्रतेपुरतं. प्रत्येक विषयात उत्तीर्ण आणि भौतिक, रसायन, जीव या तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के, एससी, एसटी आणि ओबीसींना ४० टक्के, एवढं झालं की पुरे.

समजा, फिजिक्समध्ये ३८, केमिस्ट्रीत ४७ आणि बायोलॉजीत ८२ आहेत. बेरीज १६७, म्हणजे ५५ टक्क्यांच्या वर. हा विद्यार्थी फिजिक्समध्ये ९५ मिळवणाऱ्याइतकाच पात्र आहे. दुसऱ्याचे ३६, ४१ आणि ७० आहेत. बेरीज १४७, ४९ टक्के. खुल्या वर्गातला असेल तर तो तीन गुणांनी बाहेर राहतो, मग नीटमध्ये कितीही मिळोत. अशा मुलासाठी कर्नाटकात चांगली सोय आहे. २०२४ पासून पीयूसी द्वितीय वर्षाची, म्हणजे बारावीची, परीक्षा वर्षात एकापेक्षा जास्त वेळा होते आणि त्यातले चांगले गुण धरले जातात. पुढच्या परीक्षेला एक-दोन विषय पुन्हा देऊन ५० टक्क्यांची रेघ ओलांडता येते. दीडशेच्या आसपास घुटमळणाऱ्या मुलाने निकालाच्या दिवशीच हा अर्ज भरावा. समुपदेशन, म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्या, सुरू होईपर्यंत थांबू नये.

नीटमध्येही विषयांचा असमतोल सगळ्यांना सारखा नडत नाही. ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असतात, आणि दोघांचे एकूण गुण सारखे झाले तर आधी जीवशास्त्राचे गुण बघतात. त्यामुळे जीवशास्त्र पक्कं आणि भौतिक कच्चं असलेलं मूल उलट परिस्थितीतल्या मुलापेक्षा बऱ्या जागी असतं. मात्र चुकीच्या उत्तराला एक गुण जातो. कच्च्या विषयात अंदाजपंचे ठोकलेली उत्तरं पक्क्या विषयातली कमाई खातात.

गेल्या वर्षी अमक्या कॉलेजला किती गुणांना प्रवेश मिळाला, हे विचारण्यात मात्र अर्थ नाही. २०२४ मध्ये ६०० गुणांना देशातला क्रमांक ऐंशी हजारांच्या आसपास गेला होता. २०२५ चा पेपर, विशेषतः फिजिक्सचा, इतका अवघड निघाला की पहिल्या आलेल्याला ६८६ गुण होते आणि ६०० च्या वर सगळ्या देशात दीड हजारसुद्धा विद्यार्थी नव्हते. गुण तेच, पण त्यांची किंमत जमीन-अस्मानाइतकी वेगळी. तुलना करायची तर क्रमांकाशी क्रमांकाची करा, आणि तीही आपल्याच प्रवर्गातल्या, आपल्याच कोट्यातल्या शेवटच्या क्रमांकाशी.

कुठल्या दारातून किती पैसे

म्हैसूरच्या विद्यार्थ्याला दोन ठिकाणी नोंदणी करावी लागते. एक केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती (एमसीसी), दुसरं राज्याचं परीक्षा प्राधिकरण (केईए). सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के अखिल भारतीय जागा, एम्स, जिपमर आणि सगळी अभिमत विद्यापीठं एमसीसीकडे असतात. जेएसएस अभिमत आहे. म्हणजे मूल म्हैसुरात जन्मलं, इथेच शिकलं, तरी तिथल्या जागेसाठी स्पर्धा सगळ्या देशाशी. राज्यातली सरकारी आणि खासगी कॉलेजं केईएकडे.

केईएच्या जागांचे भाव ढोबळमानाने असे. सरकारी कॉलेजात वर्षाला साठ-पासष्ट हजार. खासगी कॉलेजातल्या सरकारी कोट्यात दीड लाखाच्या आसपास. त्याच कॉलेजच्या त्याच वर्गात ‘प्रायव्हेट’ कोट्याने बसलं तर बारा लाखांच्या घरात, आणि एनआरआय किंवा ‘अदर्स’ कोट्याने पंचवीस लाखांपासून चाळीस लाखांच्या पुढेसुद्धा. शिक्षक तेच, रुग्णालय तेच, पदवीही तीच. म्हणून खासगी कॉलेजातली सरकारी कोट्याची जागा ही मधल्या क्रमांकाच्या मुलाची सगळ्यात मोठी संधी असते असं मला ठामपणे वाटतं. पुष्कळ घरं मात्र ‘खासगी म्हणजे परवडणार नाही’ असं धरून तो पर्याय यादीतच घालत नाहीत.

हे वेगवेगळे भाव आजचे नाहीत. १९९२ चा मोहिनी जैन विरुद्ध कर्नाटक राज्य हा खटला तुमकूरच्या एका खासगी मेडिकल कॉलेजातूनच उभा राहिला. तेव्हा सरकारी जागेला वर्षाला २ हजार, कर्नाटकातल्या इतर विद्यार्थ्यांना २५ हजार आणि बाहेरच्यांना ६० हजारांपर्यंत फी होती. सर्वोच्च न्यायालयाने त्या जादा फीला कॅपिटेशन ठरवलं. पुढच्या निकालांनी चौकट बदलली, पण एका वर्गात वेगवेगळे भाव ही रीत राहिली. खासगी आणि अभिमत कॉलेजांतल्या निम्म्या जागा सरकारी फीने द्याव्यात, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं होतं. कुणी त्या भरवशावर हिशेब मांडून दिला तर तो बाजूला ठेवा. केईए आणि एमसीसीच्या त्या वर्षीच्या फी-तक्त्यात छापलेला आकडाच खरा.

मराठी घरांसाठी दोन गोष्टी

पुण्याची मावशी किंवा सांगलीचे काका हमखास म्हणतात, ‘इकडेच घ्या ना प्रवेश, आपलं राज्य आहे.’ महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी मुलाची दहावी आणि बारावी महाराष्ट्रात झालेली लागते. आजोबांचं सातारचं घर आणि सातबारा तिथे उपयोगी पडत नाही. सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मराठी विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र मोजक्या जागा राखतो, पण म्हैसूर त्यात येत नाही. मग महाराष्ट्रात उरतं काय? मिरज, कोल्हापूर, पुण्याच्या सरकारी कॉलेजांतल्या अखिल भारतीय जागा, ज्यांना क्रमांक फार वरचा लागतो. खासगी कॉलेजांचा संस्थात्मक कोटा, ज्याची फी कित्येक पट असते. आणि अभिमत विद्यापीठं, ज्यांत नवी मुंबईच्या डी. वाय. पाटीलची फी तीस लाखांच्या घरात, देशातल्या सगळ्यात महागड्यांपैकी.

मधल्या क्रमांकाच्या मुलाला खरा आधार कर्नाटकाचाच. पहिली ते बारावीत किमान सात वर्षं राज्यात शिक्षण आणि दहावी किंवा बारावी इथून उत्तीर्ण, ही केईएची मुख्य अट आहे. त्यासाठी शाळेकडून अभ्यास प्रमाणपत्र घेऊन त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही आणायची. वडिलांच्या बदलीमुळे तीन शाळा झाल्या असतील तर तीन प्रमाणपत्रं. यालाच सगळ्यात जास्त वेळ जातो. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, त्यावरचा आरडी नंबर अर्जात भरावा लागतो. महाराष्ट्राचा जातीचा दाखला इथे राज्य कोट्यात चालत नाही. कर्नाटकाच्या यादीत मराठा समाज ३बी मध्ये आहे. बीदर, बसवकल्याण, आळंदकडून येऊन म्हैसुरात स्थायिक झालेल्या मराठी घरांनी राज्यघटनेच्या कलम ३७१जे चा विचार जरूर करावा. कल्याण कर्नाटकासाठीच्या त्या तरतुदीने राज्यभरातल्या कॉलेजांत काही जागा राखीव असतात.

अनामत रक्कम कुठे अडकते

एमसीसीला अखिल भारतीय कोट्यासाठी खुल्या वर्गाला १,००० रुपये नोंदणी आणि १०,००० अनामत. राखीव वर्गाला याच्या निम्मे. अभिमत विद्यापीठांचा पर्याय निवडला की ५,००० नोंदणी आणि थेट २ लाख अनामत. परतावा ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात येतो, तेव्हा सायबर कॅफेवाल्याच्या किंवा शेजाऱ्याच्या कार्डाने भरू नका.

पहिल्या फेरीत मिळालेली जागा न घेता बाहेर पडलं तरी अनामत शाबूत राहते. दुसऱ्या फेरीत जागा मिळाली आणि गेला नाहीत तर अनामत जप्त. तिसऱ्या फेरीत जप्तीबरोबर पुढची दारंही बंद. शेवटच्या स्ट्रे फेरीत जागा मिळूनही नाकारली तर पुढच्या वर्षी नीटला बसण्यावर बंदी येते. त्यामुळे ‘भरून तर ठेवू, मिळालं तर बघू’ म्हणून वीस लाखांचं कॉलेज दुसऱ्या फेरीच्या यादीत ठेवणं हा दोन लाखांचा जुगार आहे. जे कॉलेज मिळालं तर जाणारच नाही, ते यादीत नको.

केईएची यादी भरताना उलट कंजुषी करू नये. समजा, क्रमांक सरकारी कॉलेजांच्या काठावर आहे आणि घराची ताकद वर्षाला दोन लाख. तर यादीत आधी म्हैसूर, मग मंड्या, हासन, चामराजनगर, मडिकेरीची सरकारी कॉलेजं, मग राज्यातली बाकी सगळी सरकारी कॉलेजं, अगदी बीदर, रायचूरपर्यंत. त्यानंतर खासगी कॉलेजांतल्या सरकारी कोट्याच्या जागा एकूण एक. तिथे रेघ मारायची. बारा लाखांच्या जागा रेघेखाली, आणि घराने आकडा बघून होकार दिला तरच. यादीत वर लिहिल्याने जागा मिळण्याची शक्यता कमी होत नाही, म्हणून मनातलं कॉलेज नेहमी वरच ठेवा. केईए आधी एक सराव वाटप जाहीर करते. ते लागलं की यादी पुन्हा तपासून दुरुस्त करायला वेळ मिळतो. जागा धरून पुढच्या फेरीत वरच्या कॉलेजसाठी थांबायचं असेल तरी पैसे भरावे लागतात, तेवढी रक्कम खात्यात मोकळी हवी.

कर्जाचा खरा आकडा

बारा लाखांची जागा म्हणजे पाच वर्षांत साठ लाख, शिवाय वसतिगृह आणि जेवण. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, पुढे वर्षभर इंटर्नशिप. फी साडेचार वर्षांची घेणार की पाच, हे कॉलेजकडून लेखी घ्या. बारा लाखांच्या जागेत अर्ध्या वर्षाचा फरक सहा लाखांचा.

दर वर्षी दहा लाखांप्रमाणे पन्नास लाख कर्ज काढलं, व्याज १० टक्के. शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नाही, पण सरळ व्याज चढत राहतं. ते साधारण साडेबावीस लाख होतं. म्हणजे फेड साडेबहात्तर लाखांपासून सुरू. पंधरा वर्षांच्या मुदतीत महिन्याचा हप्ता ७८ हजारांच्या आसपास. नुसत्या एमबीबीएसवर, एमडीची तयारी करत असताना, हा हप्ता मुलाला झेपत नाही, तो आई-वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातून जातो. २०२४ च्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारणाशिवाय कर्ज मिळतं आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे. साठ लाखांपुढे ती थोडीच पुरणार.

मग पुन्हा एक वर्ष तयारी? फिजिक्स कच्चं राहिल्याने क्रमांक घसरला असेल आणि बाकी दोन विषय खरोखर पक्के असतील, तर हो. लाख-दीड लाख शिकवणीवर गेले तरी बारा लाखांच्या जागेऐवजी दीड लाखाची मिळण्याची ती वाट आहे. तिन्ही विषय सारखेच डळमळीत असतील तर मुलाशी मोकळेपणाने बोलावं. मानसगंगोत्रीतलं अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थान सरस्वतीपुरमहून अगदी जवळ आहे. तिथला श्रवण आणि वाचाविकाराचा पदवी अभ्यासक्रम देशभरातली मुलं शोधत येतात, आणि त्याची प्रवेश परीक्षा वेगळी असते.

परदेशाची जाहिरात ‘तीस लाखांत डॉक्टर’ म्हणते. त्यालाही नीट उत्तीर्ण व्हावंच लागतं. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा हवा, इंटर्नशिप तिथे एक वर्ष आणि परतल्यावर इथे एक वर्ष. शिवाय भारतातल्या परीक्षेत ३०० पैकी १५० मिळवावे लागतात, आणि अलीकडच्या बहुतेक परीक्षांत दहांतले दोन-तीनच उत्तीर्ण झाले आहेत. ज्याला इथे गुणांची अडचण आली त्याने हा आकडा सगळ्यात आधी बघावा.

निकालानंतर एजंटांचे फोन सुरू होतात. एमबीबीएसची एकही जागा समुपदेशनाबाहेर मिळत नाही, एनआरआय कोट्याचीसुद्धा नाही. ‘जागा धरून ठेवतो, टोकन द्या’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. आत्ता करायचं काम एकच, शाळेत जाऊन सात वर्षांच्या अभ्यास प्रमाणपत्राचा अर्ज द्या.